त्या तासाला दार लावून घे

ताई, नमस्कार.

मी सदतीस वर्षांची आहे. कऱ्हाडजवळच्या एका गावात राहते, पतसंस्थेत कॅशिअर आहे. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, तिथेच खोली करून राहतात. शनिवारी रात्री येतात, रविवारी संध्याकाळी परत. घरी मी, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. सव्वा वर्षापूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. त्यांचं सगळं अंथरुणातच असतं. मी कामावर असते तेवढा वेळ शेजारच्या काकू बसतात, बाकी सगळं माझ्याकडे. नणंद सांगलीला असते, रोज फोन करून सूचना देते. सकाळी पाचला उठते ती रात्री साडेअकराला पाठ टेकते. टेकली तरी झोप येत नाही. गेला महिनाभर सासूबाईंच्या डब्यातली झोपेची अर्धी गोळी घेते. हे कुणाला माहीत नाही.

मूळ सांगायचं ते वेगळंच आहे. मागच्या महिन्यात एका रात्री मुलाला भागाकार जमत नव्हता. आत सासूबाई हाका मारत होत्या, गॅसवर दूध होतं, मिस्टरांचा फोन वाजत होता. मी स्टीलची पट्टी उचलली आणि मारत सुटले. किती मारलं ते आठवत नाही. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा भानावर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा भांग पाडायला हात वर केला, तर त्याने डोळे मिटले आणि कोपर तोंडावर धरलं. ताई, ते कोपर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ऑफिसातली मैत्रीण म्हणते ऑनलाइन काउन्सेलिंग घे. तिने एक अ‍ॅप दाखवलं, एका वेळचे बाराशे रुपये. मिस्टर म्हणाले, "आमच्या आईने चार पोरं वाढवली, तिला कुठे काउन्सेलर लागला?" न बघितलेल्या माणसाशी फोनवर बोलून खरंच काही होतं का? घराला तीन खोल्या, मधे नुसते पडदे, सासूबाईंचे कान तिखट. बोलू कुठे? मुलाला मारलं असं सांगितलं तर पोलिसात कळवतील का? ऑफिसात कळलं तर कॅशवरून काढतील. आणि मला वेड लागायला लागलंय का?

— एक आई

•

पत्रात ताई म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते.

तुझं पत्र मी दोनदा सबंध वाचलं आणि तिसऱ्यांदा नुसतं कोपराचं वाक्य वाचलं. सगळं सावकाश बोलू. आधी दोन गोष्टी, ज्या उद्यावर टाकायच्या नाहीत.

पहिली ती गोळी. सासूबाईंची गोळी त्यांचं वय, त्यांची बाकीची औषधं बघून डॉक्टरांनी लिहिलेली आहे. तुझ्यासाठी ती कुणी मोजलेली नाही. झोपेच्या बऱ्याच गोळ्यांची शरीराला सवय लागते. महिनाभर रोज घेत असशील तर हे वाचून आज रात्री एकदम बंदही करू नकोस. अचानक थांबवली की झोप आणखी उडते, जीव घाबरा होतो. उद्या डॉक्टरांकडे जा, गोळ्यांची पट्टी बरोबर ने, किती दिवस घेतेस ते खरं सांग आणि ते म्हणतील तशी कमी कर. त्याच वेळी रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही. चिडचिड, थकवा, कशातच मन न लागणं, हे कितीतरी बायकांच्या बाबतीत थायरॉइडमुळे नाहीतर अंगात रक्त कमी असल्यामुळे होतं, आणि त्या बिचाऱ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या स्वभावाला बोल लावत बसतात. बोलून मन हलकं होतं, हिमोग्लोबिन वाढत नाही.

दुसरी गोष्ट तू लिहिलेली नाहीस, पण मला विचारायलाच हवी. आपण नसलेलंच बरं, असं कधी मनात येतं का? येत असेल, एकदा जरी आलं असेल, तरी पुढचं वाचायचं थांब आणि 14416 ला फोन लाव. टेलि-मानस नावाची ही सरकारी सेवा आहे. 2022 सालच्या 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या देखरेखीखाली ती चालते. रात्री दोनला लावला तरी फोन उचलतात, पैसे पडत नाहीत. देशातल्या 20 भाषांत बोलता येतं आणि मराठी त्यात आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज दिसली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. मरणाचे विचार येत नसतील तरी हा नंबर ठेव. थोडं पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आता वेडाचं. नाही गं, तुला वेड लागत नाहीये. तू कॅशवर बसतेस, म्हणून तुझ्याच भाषेत हिशेब मांडते. पाच ते साडेअकरा म्हणजे साडेअठरा तास. त्यात नोकरी, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, आणि कुशीवर वळवण्यापासून भांडं देण्यापर्यंत एका मोठ्या माणसाचं सगळं. आठवड्याचे सातही दिवस, सव्वा वर्ष. ही रक्कम एका माणसाच्या खात्यात मावत नाही. तुझं काही बिघडलेलं नाही, तुझ्यावर टाकलेलं ओझं मोजायचं राहून गेलंय. अशा अवस्थेत झोप उडते, विसरायला होतं, बारीकशा आवाजाने डोकं भडकतं, आणि माणूस सगळ्यात जवळच्या, सगळ्यात लहान माणसावर फुटतो, कारण तेवढंच एक उलटून काही करू शकत नाही.

म्हणून मारणं बरोबर ठरत नाही. ते चूकच होतं. थकव्याची सबब मी त्याला लावणार नाही, आणि तूही लावलेली नाहीस. तुझ्या पत्रात मला सगळ्यात आशा वाटली ती तिथेच.

मिस्टर म्हणाले, आईने चार पोरं वाढवली. खरं आहे, वाढवली. पण तेव्हा त्या घरात माणसं किती होती, ते त्यांनाच आठवायला सांग. आजी, चुलती, कुणाची तरी माहेरी आलेली लेक, शेजारची आत्या. मूल रडलं की उचलायला पाच जणींचे हात असायचे. आज त्या घरात दोन हात आहेत, तुझे. आणि त्या काळच्या आयांना रात्री झोप लागायची का, हे कुणी विचारलंही नव्हतं. कदाचित सासूबाईंनाही कुणी विचारलं नसेल. तू एकदा विचारून बघ, मला त्याचं उत्तर ऐकायला आवडेल.

फोनवर बोलून खरंच काही होतं का, हा तुझा प्रश्न. मी स्वतः बरीच वर्षं समुपदेशनाच्या कामात आहे, आणि 2020 च्या मार्चपर्यंत माझा यावर विश्वास नव्हता. माणूस समोर बसल्याशिवाय त्याचं दुःख कसं कळणार, असं मी ठामपणे म्हणायचे. मग 25 मार्चला टाळेबंदी लागली. त्याच दिवशी केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली काढली. डॉक्टरांना व्हिडिओवर तपासायची, काही औषधं लिहून द्यायची रीतसर वाट मोकळी झाली. आम्हीही फोन हातात घेतले, कारण दुसरा उपायच नव्हता. पहिल्या महिन्यातच माझं मत बदललं. एक गृहस्थ सोसायटीच्या खाली लावलेल्या ओम्नीत बसून माझ्याशी बोलायचे. काचा वर, डोक्यावर टोपी. घरात बायको-मुलांसमोर रडता येत नाही म्हणाले. माझ्या खोलीत खुर्चीवर येऊन बसणारा तो माणूस नव्हता. फोनमुळे आला. एक बाई पहिले तीन आठवडे कॅमेरा भिंतीकडे करून बोलली. मी भिंत बघायची. चौथ्या आठवड्यात तिने मोबाईल वळवला.

काही गोष्टी निसटतात, हेही सांगते. समोर बसलेली बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत असते ते मला दिसतं. पडद्यावर गळ्याच्या खालचं काही दिसत नाही. म्हणून आता मी मधेच विचारते, "हात काय करतायत तुमचे?" बरेचदा तिथूनच खरं बोलणं सुरू होतं.

पहिल्या वेळी काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं असतात. नाव, वय, घरचं माणूस कोण, अडचण आली तर कुणाला फोन करायचा, हे आधी विचारतात. बोलणं गुप्त राहील हे सांगून तुझी संमती घेतात. मग झोप, भूक, पाळी, आजार, औषधं. गेल्या दोन आठवड्यांवरची नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, तीही भरून घेतील कदाचित. त्यातला शेवटचा प्रश्न मी वर विचारला तोच असतो, दचकू नकोस. तुला सगळं क्रमाने सांगायची गरज नाही. "मी मुलाला मारलं" इथून सुरुवात केलीस तरी चालेल. रेंज गेली तर ते परत फोन करतात. पहिल्या दिवशी सल्ला मिळत नाही, निदान चांगला समुपदेशक तो देत नाही. म्हणून पहिल्या फोननंतर "काहीच सांगितलं नाही, नुसतं ऐकून घेतलं" असं वाटलं तर लगेच सोडू नकोस. तीन-चार वेळा जाऊन मग ठरव. आणि चार वेळा जाऊनही ती व्यक्ती तुझी वाटली नाही तर बिनधास्त बदल. डॉक्टर बदलतो तसंच आहे, त्यात कुणाचा अपमान नाही.

माझ्या मते तुझ्या पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तू तो नेटवर्कच्या अडचणीसारखा एका ओळीत लिहून टाकलास. बोलू कुठे?

तीन खोल्यांच्या घरात तुझ्या एकटीची अशी एकही जागा नाही. न्हाणीघरात गेलीस तरी हाक येत असणार. दिवसातला एक तास असा नाही की तेव्हा तुला कुणी हाक मारायची नाही. ऑनलाइन समुपदेशनाला मोबाईल लागतो, डेटा लागतो, ते तुझ्याकडे आहे. लागतं ते दार, आणि तेच तुझ्याकडे नाही. म्हणून मी तुला आधी अ‍ॅप शोधायला सांगत नाही, आधी तास मागायला सांगते. आठवड्यातून एक तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ. समुपदेशकाशी एक शब्द बोलायच्या आधीच या मागण्याने घरात काहीतरी हलेल. घराला पहिल्यांदा कळेल की या बाईलाही एक तास लागतो.

सोयीची जागा सुचवायची तर पुष्कळ आहेत. जेवणाच्या सुट्टीत पतसंस्थेची रेकॉर्डची खोली, मैत्रिणीचं घर, गच्चीवर टाकीच्या मागे. अडीअडचणीला त्या वापर. पण तुला मी रविवार सकाळी अकरा ते बारा सांगेन, मिस्टर घरात असताना, आणि तुझ्याच घरात. तो एक तास आई आणि मुलगा त्यांच्याकडे. आईला भांडं द्यायचं, कुस बदलायची, पाणी पाजायचं ते त्यांनी. पावडर कुठे आहे, टॉवेल कुठला, हे विचारायला ते येतील. तू फोनवर असशील, त्यामुळे त्यांना ते शोधावं लागेल. दोन रविवार गोंधळ होईल, तिसऱ्या रविवारी पावडर सापडेल. मुलगाही बघेल की बाबा आजीचं करतात. पडदा आहे तिथे एक साधं दार बसवून घेता आलं तर बघ, फ्लश डोअर लावायला सुतार एका दिवसात येऊन जातो. तोवर हेडफोन लाव आणि बाहेर रेडिओ नाहीतर टीव्ही चालू ठेव. आवाज झाकायला तेवढं पुरतं.

सासूबाईंपासून लपवू नकोस. आडून ऐकलेलं अर्धंच कळतं, आणि अर्धं कळलेलं फार टोचतं. सरळ सांग, "आई, मला झोप लागत नाही, चिडचिड होते. मी दर रविवारी एका डॉक्टरांशी तासभर बोलणार आहे. तेवढा वेळ हे तुमच्यापाशी आहेत." तुमच्यामुळे, हा शब्द घालू नकोस. त्यांना तो न घालताही माहीत आहे. उजवी बाजू गेलेल्या, दुसऱ्याच्या हाताने घास घ्यावा लागणाऱ्या बाईला आपलं ओझं रोज कळत असतं. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एका माणसाला नैराश्य येतं, आणि हाका मारत राहणं, रात्री जागणं, चिडणं हे त्याचंही रूप असू शकतं. त्यांच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी हे विचार. त्यावर उपचार झाले तर त्यांच्या रात्री बऱ्या जातील आणि तुझ्याही.

आता पैसे आणि माणूस. बाराशे रुपये दर आठवड्याला तुला झेपणार नाहीत, आणि लागतही नाहीत. सुरुवात 14416 ने कर. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल नावाची सेवा 2012 पासून आहे, तिथे फोनवर, ईमेलवरही बोलता येतं आणि पैसे घेत नाहीत. त्यांचा नंबर 9152987821. तुला मनाचे औषधोपचार लागतील असं कुणी सांगितलं तर साताऱ्याला सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मिस्टरांच्या कंपनीतही चौकशी करायला सांग. मोठ्या कंपन्यांत कामगारांसाठी समुपदेशनाची सोय असते, ती बरेचदा कुटुंबालाही लागू असते, आणि बहुतेकांना ती असल्याचा पत्ताच नसतो.

तरीही पैसे देऊन कुणाकडे जायचं ठरवलंस, तर माणूस पारखून घे. याबाबतीत मी कडक आहे. आपल्याकडे समुपदेशक अशी पाटी लावायला आजही फारसं कुणी अडवत नाही. सात दिवसांचा कोर्स करून, छान फोटो टाकून लोक मनाच्या गाठी सोडवायला बसलेत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, त्यांची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते आणि औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, तिचा क्रमांक विचार. समुपदेशक असेल तर मानसशास्त्रातलं एमए तरी आहे का, कुणाच्या हाताखाली काम केलंय, हे विचार. विचारायला संकोच करू नकोस. तू कॅशिअर आहेस, नोट उजेडात धरून बघतेस की नाही? चांगल्या माणसाला हा प्रश्न लागत नाही. आणि तीन ठिकाणी सावध राहा. आधीच दहा वेळांचं पॅकेज विकणारे, इतक्या दिवसांत बरं करतो अशी हमी देणारे, आणि दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी तुला सांगणारे. तुझ्याही गोष्टी ते उद्या कुणाला तरी सांगतील.

नोंदणी विचारायचं आणखी एक कारण आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 23 व्या कलमाने उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिलाय. उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर तो बंधनकारक आहे. तुझ्या पतसंस्थेला यातलं काही कळायचं कारण नाही, कुणी कळवू शकत नाही. रेकॉर्डिंग करायचं तर तुला विचारूनच. गुप्तता मोडायची वेळ क्वचित येते. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, कोर्टाने मागितलं तेव्हा, आणि मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तेव्हा, कारण 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. "माझ्या हातून मुलाला मार बसला, मला हे थांबवायचंय" असं सांगणाऱ्या आईची तक्रार करायला कुणी फोन उचलत नाही. तिला मदत करायलाच उचलतात. सांग, सगळं सांग, पट्टीसकट सांग.

एक गोष्ट मात्र समुपदेशनाकडून मागू नकोस. तुझं काम ते वाटून घेणार नाही. साडेअठरा तासांचे पंधरा तास व्हायला माणसंच लागतील. इथे ऑनलाइनचा एक मोठा फायदा तुझ्या घराला आहे. तू कऱ्हाडला, मिस्टर चाकणला, नणंद सांगलीला. तिघं एका खोलीत कधी येणार? पण एका पडद्यावर येऊ शकता. तीन-चार वेळा एकटीने बोलून झालं की समुपदेशकाला सांग, एकदा आम्हा तिघांना एकत्र घ्या. त्या बैठकीत भावनांपेक्षा वेळापत्रक बोला. नणंदेने महिन्यातला एक आठवडा यायचं की रात्रीसाठी एक मावशी ठेवायला पैसे घालायचे, शुक्रवारी-शनिवारी रजा टाकून मिस्टरांनी महिन्यातून एकदा तीन दिवस राहायचं का, असं नाव आणि वार घालून. रोज फोनवर सूचना देणाऱ्या नणंदेला काही करायची इच्छा असते, वाट सापडत नसते, असंही मी पुष्कळदा पाहिलंय.

पुष्कळ आया रात्री झोप येत नाही म्हणून मोबाईल उघडतात, आणि आईने कसं शांत राहावं हे सांगणारी रीळं बघत बसतात. इस्त्रीचा कुर्ता, मागे कुंडी, मूल मांडीवर. तूही बघत असशील तर महिनाभर बंद ठेव. त्या बाईच्या आतल्या खोलीतून कुणी हाक मारत नाहीये.

आणि तुझा मुलगा. त्याच्याशी बोलायला समुपदेशकाची वाट बघू नकोस. महिना होऊन गेला म्हणून राहू देऊ नकोस, तो विसरलेला नाही. शांत वेळ बघ, आजूबाजूला कुणी नको. त्याच्या शेजारी बस आणि सांग, "त्या रात्री मी तुला पट्टीने मारलं. ते माझं चुकलं. भागाकार आला नाही म्हणून कुणाला मारायचं नसतं. मी त्यासाठी एका डॉक्टरांची मदत घेणार आहे." एवढंच. "पण तूसुद्धा ना," असं काही पुढे जोडू नकोस. तो एक "पण" सगळं पुसून टाकतो. "मला माफ कर" म्हणू नकोस त्याला, नऊ वर्षांच्या मुलावर तेही ओझं होतं. तो काही बोलला नाही, उठून खेळायला गेला, तरी त्याने ऐकलंय. आणि ती पट्टी घरातून काढून टाक. भागाकार महिनाभर दुसऱ्या कुणाला तरी घेऊ दे. शेजारच्या काकूंची कॉलेजातली मुलगी असेल, नाहीतर रात्री आठला बाबा व्हिडिओवर. तेही ऑनलाइनच.

पुन्हा तसा क्षण येईल. दूध, हाक, फोन, वही, सगळं एकदम. तेव्हा गॅस बंद कर आणि घराबाहेर पड. अंगणात, जिन्यात, कुठेही, दोन मिनिटं. सासूबाई दोन मिनिटं हाका मारतील, मारू देत. त्यांना तोवर काही होणार नाही. तू मुलाला आधीच सांगून ठेव, मी बाहेर गेले म्हणजे तुझ्यावर रागावून गेले नाही, मी शांत व्हायला गेले. त्याला ते कळतं.

भांगाचं राहिलं. काही दिवस उभं राहून, वरून हात आणून त्याचा भांग पाडू नकोस. त्याच्यासमोर खाली बस, कंगवा त्याला दिसेल असा धर आणि विचार, "पाडू का?" नको म्हणाला तर कंगवा त्याच्या हातात दे आणि वाकड्या भांगाने शाळेत जाऊ दे.